घाईचे मार्क

आमच्या सरांनी गणितात कुणाला पूर्ण मार्क दिल्याचं उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंज भागात कुणाला आठवत नाही. ‘पूर्ण मार्क फक्त देवाला,’ असं ते म्हणायचे. तेही अशा आवाजात, की देवाने खरंच पेपर आणून दिला असता तर त्यातलाही अर्धा कुठे कापता येईल ते चष्मा पुसून शोधलं असतं.

कापायची त्यांची आवडती जागा म्हणजे घाई. उत्तर चुकलं की मार्क जायचेच, त्यात सरांना काही मजा नव्हती. मजा होती ती बरोबर उत्तरात. मधली एखादी पायरी गाळली, आकडा खोडून पुन्हा लिहिला, बेरीज उभी न मांडता मनात केली, की समासात लाल शाईने नुसतं ‘घा’ लिहायचे. घा म्हणजे घाई. गेला अर्धा मार्क. जो शहाणा घंटा व्हायच्या आत पेपर द्यायला उठायचा, त्याच्या पहिल्याच पानावर भला मोठा घा पडायचा. आत त्याने काय दिवे लावलेत ते नंतर. त्यामुळे त्यांच्या परीक्षेत वेळेआधी कुणी जागचं हलायचं नाही. पेपर लिहून झालेली चाळीस पोरं शेवटचा अर्धा तास पंख्याकडे बघत बसलेली असायची, आणि सर समाधानाने येरझाऱ्या घालत असायचे.

मला दहावीच्या चाचणीत साडेबत्तीस मार्क मिळाले होते. तेहतीसला पास. शेवटच्या गणिताचं उत्तर बरोबर होतं, पण उत्तराखाली दोन रेघा मारायच्या ऐवजी मी एकच मारली होती. घा! तेव्हापासून सरांच्या लेखी माझं नाव साडेबत्तीस. भर बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. माझ्या रिसेप्शनला स्टेजवर चढून, हातात पाकीट देत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सुखी राहा रे साडेबत्तीस!” बायकोला बरेच दिवस तो माझ्या पगाराशी संबंधित आकडा वाटत होता.

आता घाई करायची नाही, तर मग कामं करायची कधी? पंचांग सांगेल तेव्हा. आधीच आमचं उज्जैन म्हणजे काम करणाऱ्यांपेक्षा मुहूर्त सांगणारे जास्त. त्यात सर दुसऱ्याने काढलेला मुहूर्त मानायचे नाहीत, स्वतः गणित करून काढायचे. केस कापायचे तर तिथी बघून. त्यांनी स्कूटर बुक केली पुष्य नक्षत्रावर. ती शोरूमला आली नेमकी अमावस्येला. सरांनी पुढच्या पुष्यापर्यंत ती तिथेच उभी ठेवली. आमच्याकडे मास्टरसाहेबाचं माट्साब होतं; शोरूमवाला रोज निरोप पाठवायचा, “माट्साब, गाड़ी ले जाओ, जगह घिर रही है।” सर म्हणायचे, “त्याला सांग, घाई कशाला?” त्या स्कूटरवर शोरूममध्येच दोन वेळा धूळ बसली आणि एकदा तिथल्या गुरख्याची टोपी वाळत घातलेली मी स्वतः पाहिली.

ह्या सगळ्यात हसण्यासारखं भरपूर होतं आणि आम्ही हसायचोही. सर माडीवर राहायचे, आम्ही त्याच इमारतीत खाली, त्यामुळे हसायला लांब जावं लागायचं नाही. पण एक गोष्ट आहे जिच्यावर आमच्या घरात कधी कुणी हसलं नाही.

सरांची मुलगी वीणाताई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेलेली, घर हिच्याच हातात. फिजिओथेरपी शिकली होती, लोकांचे गुडघे आणि खांदे सरळ करायची. वडिलांना सरळ करणं मात्र तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं, असं तीच म्हणायची. तिला बघायला देवासहून मंडळी आली. मुलगा तिकडे कारखान्यात इंजिनियर. रविवारचा दिवस ठरला होता, पण त्यांची आधीची बस चुकली आणि ती माणसं पावणेपाचला दारात उभी राहिली. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ! रोज दीड तासाची ही एक वेळ असते, वाराप्रमाणे बदलते, आणि तिच्यात नवीन काही सुरू करायचं नाही, म्हणजे नाही.

सरांनी दार आतून ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर आले. “बसा, बसा, इथेच हवेशीर आहे,” म्हणाले. ऐन मे महिना. जिन्याच्या वळणावर चार खुर्च्या मांडल्या, लिंबाचं सरबत आलं. मुलाचे वडील आपले भिंतीकडे बघताहेत. मुलगा रुमालाने मान पुसतोय. मुलाच्या आईला आत जायचं होतं, तिला सरांनी खाली आमच्याकडे पाठवलं. माझ्या आईने तिला पाणी दिलं आणि ‘काय करणार, त्यांचं असंच असतं’ एवढंच म्हणून घेतलं. वर वीणाताई साडी नेसून दाराच्या आत उभी. सगळं ऐकू येत होतं तिला.

पावणेसहाला मुलाचे वडील उठले. म्हणाले, “देवास गेटहून आमची बस आहे, शेवटची सुटली तर पंचाईत होईल.” सर म्हणाले, “पंधरा मिनिटं फक्त! एवढी घाई कशाला?” ती माणसं जिना उतरून गेली. सर तिथेच घड्याळ बघत उभे. बरोबर सहाला त्यांनी दार उघडलं आणि आत आवाज दिला, “वीणे, पोहे गरम कर, आता वेळ चांगली लागली!”

पोहे वीणाताईने एकटीने खाल्ले, वरून भरपूर सेव घालून. ती हे नंतर स्वतः रंगवून सांगायची, सरांच्या आवाजाची नक्कल करून. पण पुन्हा साडी नेसून दाराआड उभं राहायला तिने साफ नकार दिला. सरांनी एकदा-दोनदा विषय काढला. ती म्हणाली, “बाबा, घाई कशाला?” मग त्यांनीही सोडलं.

तर असे सर. आता कार्डांकडे येतो.

देशाने दारं उघडली तेव्हा त्यातून आधी कोल्ड्रिंकं आली, मग चॅनल आले, आणि सगळ्यात शेवटी उन्हात टाय लावून हिंडणारी पोरं आली. टॉवर चौकात रंगीत छत्र्या लागल्या, खाली टेबल, टेबलावर क्रेडिट कार्डाचे फॉर्म. “सर, लाइफटाइम फ्री!” बाकीचं फ्रीगंज त्यांना माशी हाकलावी तसं हाकलायचं. सर तेवढे थांबायचे. खुर्ची मागून घ्यायचे, बसायचे आणि त्या पोराला विचारायचे, “तुमची बँक कार्ड द्यायच्या आधी काय काय तपासते?” पोरगं सांगायचं, “पेन्शन, पत्ता, पुराना रिकॉर्ड, सब।” सरांचे डोळे चमकायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर कुणीतरी तपासायला तयार होतं, आणि तेसुद्धा फुकट.

“हा निकाल आहे, समजला?” त्यांनी पहिलं कार्ड आलं तेव्हा मला वर बोलावून दाखवलं. “बँकेने चौकशी केली. मी पास झालो. माझी पत आहे, असं तिने लिहून दिलं.”

मी म्हटलं, “सर, पण ते वापरायचं असतं. दुकानात.”

“वापरायचं काय त्यात? मॅट्रिकचं सर्टिफिकेट तू वापरतोस का?”

सर ते वापरतील ही आशाच नव्हती. वाण्याकडे पिशवीत सामान पडायच्या आधी ज्याचे पैसे काउंटरवर पडायचे, जो सेववाल्याकडे सुटे नाहीत म्हणून सेव परत ठेवून घरी जायचा, तो हा माणूस. कार्ड गेलं कंपासपेटीत. चार वर्षांनी दुसरं आलं, तेही तिथेच. दसऱ्याला पाटावर कंपासपेटी, लाल शाईचा पेन आणि दोन्ही कार्डं मांडून पूजा व्हायची. मागच्या काळ्या पट्टीवर हळदकुंकू. त्या अवस्थेतलं कार्ड कुठल्याही मशीनने वाचलं नसतं, पण मशीनला वाचायला देतंय कोण!

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मुलीच्या मायेपायी, आणि मायेला मुहूर्त मिळाल्यामुळे.

वीणाताई तोपर्यंत घरोघरी मैत्रिणीच्या जुन्या मोपेडवर हिंडून पेशंट बघायची, काही पेशंट घरी यायचे. आता विचार करा, गुडघे धरलेल्या माणसाला गुडघ्याच्या इलाजासाठी माडी चढायला लावायची! अर्धे पेशंट जिन्याच्या वळणावरच बसायचे, त्याच देवासवाल्यांच्या खुर्च्यांवर. तिला तळमजल्यावर जागा हवी होती. टॉवरजवळ एक गाळा रिकामा व्हायचा होता, मालक तिचाच पेशंट, खांद्याचा. म्हणाला, “दीदी, दुकान आपको ही दूँगा। पर फागुन की अमावस तक। फिर मोबाइलवाले को हाँ कर दूँगा, वो रोज चक्कर काट रहा है।” ह्याहून चांगली जागा तिला जन्मात मिळणार नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि मोबाइलवाल्यालाही. कर्ज काढावं लागणार होतं. दिवाळीच्या आधीची ही गोष्ट.

सरांनी ह्यावर गणित मांडलं. कर्ज कशावर मिळतं? पत बघून. पत असल्याचा पुरावा काय? कार्ड. कार्डं जास्त, तर पत जास्त. आणि दिवाळीआधी येत होता गुरुपुष्य! आमच्या माळव्यात पुष्य नक्षत्र म्हणजे अर्धा बाजार रस्त्यावर येतो. सोनं, भांडी, गाड्या, जमेल ते त्या दिवशी घ्यायचं, कारण पुष्यावर घेतलेलं वाढतं. त्यात गुरुवार आला की विचारायलाच नको. सरांच्या मते पत वाढवायला ह्याहून उत्तम दिवस पुढे बरीच वर्षं येणार नव्हता.

त्या दिवशी मी त्यांना डोळ्यांनी पाहिलं. मी बँकेतून जेवायला निघालो होतो. सर एका छत्रीखालून उठले ते दुसऱ्या छत्रीखाली, तिथून रस्ता ओलांडून तिसऱ्या, हातात झेरॉक्सची भेंडोळी, चष्मा नाकावर घसरलेला. सोन्याच्या दुकानासमोर ही गर्दी! त्यातून वाट काढत माझ्याच अंगावर आले. “साडेबत्तीस, बाजूला हो! योग संपतोय, अजून एक राहिलंय!” जन्मभर लोकांच्या घाईचे मार्क कापणारा माणूस टॉवर चौकात असा पळत होता, की मला समासात घा लिहावासा वाटला.

एका दिवसात चार अर्ज. चारही मंजूर. तेव्हा बँकांनाही कुठे धीर होता!

आता घरात सहा कार्डं झाली. आणि सहा म्हणजे सम संख्या. शुभकार्याला सम चालत नाही. अकरा, एकवीस, एक्कावन्न असंच हवं. सातवं कार्ड घ्यायला गुरुपुष्य शिल्लक नव्हता. मग सरांनी सगळ्यात जुनं कार्ड, आठ वर्षं कंपासपेटीत गुपचूप पडून राहिलेलं, बँकेला पत्र लिहून बंद केलं आणि कात्रीने कापलं. “ज्येष्ठाने मान सोडावा,” म्हणाले. राहिली पाच. विषम. मंगल.

मी तेव्हा बँकेत लोन सेक्शनलाच होतो, पण स्कोर नावाची भानगड आमच्याकडे नुकतीच आली होती. मुंबईत म्हणे एक कचेरी निघालीय, आणि देशात ज्याने ज्याने कुठल्या बँकेकडून कर्ज किंवा कार्ड घेतलं त्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका तिथे तपासल्या जातात. कर्जाचा अर्ज आला की तिथून मार्क मागवायचे. आम्ही सगळेच अजून ते कोडं सोडवत होतो.

वीणाताईचा अर्ज आला. तिच्या कमाईचे कागद जेमतेम, म्हणून सोबत कमावता किंवा पेन्शनवाला माणूस जोडावा असं मीच सुचवलं होतं. सरांनी ते फारच मनावर घेतलं. अर्जावर आपलं नाव पहिलं, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. महिनाभराने मार्क आले. आमचे मॅनेजर इंदूरचे, तोंडाने मोकळे. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, “भिया, ये माट्साब तो बड़े जरूरतमंद निकले! एक ही दिन में चार जगह हाथ फैला दिए।”

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात उधारीवर पावशेर सेव घेतली नाही, त्याला हे म्हणाले हात पसरणारा! खरं सांगायचं तर साडेबत्तीसचा हिशेब चुकता करायची संधी मी शाळेपासून शोधत होतो, आणि आता समोरून आली तर मला ती मुळीच नको होती. पण सांगायला कोण जाणार? मीच.

दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्या टेबलासमोर येऊन बसले. सर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, निकालाला आलेल्या पालकासारखे. मी आकडा सांगितला.

“किती पैकी?” सरांनी विचारलं.

“नऊशे पैकी, सर.”

“आणि सुरुवात?”

“तीनशेपासून.”

“म्हणजे काही न लिहिता कोरा पेपर दिला तरी तीनशे?” ते वीणाताईकडे वळले. “कुठल्या बोर्डाचा पेपर आहे हा?”

तिची नजर माझ्यावर होती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गाळा मिळतोय की नाही.

“कापले कुठे ते दाखव,” सर म्हणाले.

मी आपला सांगायला लागलो. तुम्ही कार्डाचा अर्ज केला, सर, की ती बँक मुंबईला तुमची चौकशी करते. प्रत्येक चौकशीची नोंद होते. एखादी असली तर किरकोळ, काही महिन्यांत विसरतात. पण एकदम चार आल्या की तपासणाऱ्याला वाटतं, हा माणूस अडचणीत आहे, मिळेल तिथून घ्यायला निघालाय.

“मी एक रुपया घेतला नाही.”

“त्याचे मार्क नसतात, सर. घेऊन वेळेवर परत केल्याचे असतात. तुम्ही काही घेतलंच नाही, त्यामुळे तिथलं पान कोरं.”

सरांनी ह्यावर फक्त नाकातून हवा सोडली. “पुढे?”

“पुढे वय. म्हणजे तुमची खाती सरासरी किती जुनी आहेत ते.”

सरासरी म्हटल्यावर त्यांनी माझ्या हाताखालची पैसे भरायची एक स्लिप ओढली, उलटी केली, पेन काढला. आठ आणि चार, बारा. भागिले दोन, सहा वर्षं. खाली दोन रेघा. मग आठ वर्षांचं कार्ड खोडलं. चार राहिले. पुढे एकाखाली एक चार शून्यं मांडली. चार भागिले पाच. पेन तिथे थांबला.

“एक वर्षसुद्धा भरत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले.

“तशी शून्यं नाहीत सर, तीनेक महिने झालेत,” मी उगाच मलम लावायला गेलो.

“शून्यच धर. नव्याने भरती केली की वर्गाची सरासरी पडते, हे मी तीस वर्षं शिकवलं.” मग त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, “म्हणजे हे सगळे कशाचे कापले, एका शब्दात सांग.”

मला सांगवत नव्हतं हो. पण ते सरळ माझ्याकडे बघत होते, फळ्यासमोर उभं केल्यावर बघायचे तसे.

“घाईचे, सर.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर तपासलंय,” म्हणाले.

उपाय विचारला. उपाय सोपा होता: थांबायचं. वर्षभर कुठेही नवा अर्ज नाही, एखादं कार्ड थोडं वापरून वेळेवर फेडायचं, मार्क आपोआप चढतात. म्हणजे सरांच्या स्वभावाला अगदी साजेसा. फक्त आत्ताच्या मार्कांवर कर्ज मिळणार नव्हतं आणि गाळ्याचा मालक वर्षभर थांबणार नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर आपल्या केबिनमधून आले आणि बॉम्ब टाकून गेले. म्हणाले, “दीदी का अपना स्कोर तो बढ़िया है! अकेली अप्लाई करें तो हो जाए, मशीनें गिरवी रख लेंगे। माट्साब का नाम हटवा दो बस।”

सरांनी वीणाताईकडे पाहिलं. “तुझा स्कोर? तुझा कुठून आला?”

वीणाताईने पदर नीट केला. हे कधीतरी सांगावं लागेल, असं तिने धरूनच ठेवलं असावं. “बाबा, ती मोपेड मैत्रिणीची जुनी नव्हती. नवी घेतली होती, कर्जावर. सगळे हप्ते वेळेवर भरले.”

“केव्हा घेतलीस?”

“अमावस्येला. त्या दिवशी शोरूममध्ये कुणी फिरकत नाही, म्हणून डिस्काउंट देतात.”

मी फायलीत डोकं घातलं. सर उठले, स्लिपची घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर पडले. छत्रीवाल्या पोरांनी त्यांना नेहमीप्रमाणे हाक मारली असणार. तिकडे बघितलं की नाही, माहीत नाही.

अर्ज दोघांचा होता. त्यातून एकाचं नाव काढायचं तर त्याची स्वतःची सही लागते. मी वीणाताईला म्हटलं, “तू सांग ना त्यांना.” ती म्हणाली, “नाही सांगणार. आपल्या नावाने माझं काम बिघडतंय हे त्यांना कळलंय, आता वरून मी काय सांगू? वाटलं तर येतील.” आणि जरा थांबून म्हणाली, “नाही आले तर राहू दे. मोबाइलवाल्याला माझ्याकडून पेढे दे.”

सर आले नाहीत. दिवस जात होते. माडीवर दोघं एकमेकांशी बोलत होते, जेवत होते, फक्त हा विषय सोडून. मी रोज जिन्यात रेंगाळायचो. सर मला बघून ‘काय रे’ म्हणायचे आणि पुढचं साडेबत्तीस गिळायचे. ते मला फार लागलं. गाळ्याच्या मालकाने दोनदा निरोप पाठवला. मॅनेजरनी कागद तयार करून ठेवायला सांगितले, ते मी ठेवले. होता होता अमावस्या आली. वार बुधवार.

बँकेत त्या दिवशी शुकशुकाट. उज्जैनमध्ये अमावस्येला कर्ज उचलायला कोण येतो! बाराचे ठोके पडून गेले होते. वीणाताई सकाळपासून बाकड्यावर बसून होती. पेशंट नाहीत म्हणून आले, म्हणाली. आणि दारातून सर आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. घामाने कपाळ भिजलेलं, कारण स्कूटर न काढता चालत आले होते.

“कागद काढ,” ते मला म्हणाले.

मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आले. इंदूरचा असला तरी माणूस शेवटी माळव्यातलाच. “अरे माट्साब, आज तो अमावस है! ऊपर से राहुकाल, डेढ़ बजे तक। आप तो खुद जानकार आदमी। चाय पीजिए, डेढ़ बजे कर लेंगे, मैं कहीं भागा नहीं जा रहा।”

सरांनी हातानेच त्यांना थांबवलं. “दुकानवाला आज तक बोला है। मुझे जल्दी है।”

मी कागद समोर ठेवला. नाव मागे घेतो, असा दोन ओळींचा मजकूर. सरांनी तो वाचला, पुन्हा वाचला नाही. पेनचं टोपण काढलं. वीणाताई बाकड्यावरून उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. पेन कागदावर टेकला आणि तसाच राहिला. मला वाटलं, झालं! आता हे उठणार आणि दीड वाजेपर्यंत जिन्यात जाऊन बसणार.

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, “त्या देवासवाल्यांना आत घ्यायला हवं होतं गं.”

वीणाताईने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, पेशंटच्या खांद्यावर ठेवते तसा घट्ट.

“बाबा, सही करा आधी,” ती म्हणाली. “लाइट गेली तर ह्यांचा कॉम्प्युटर बंद पडेल.”

सरांनी सही केली. खाली एकच रेघ ओढली. राहुकाळ संपायला अजून बराच वेळ होता, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.